एका रिंगचा टावर

आमच्या पळसखोरी तांड्याच्या माथ्यावर लाल-पांढरा टावर उभा आहे. बाळापूरच्या बाजाराहून परत येताना ओढ्याचं वळण संपलं की आधी तो दिसतो, मग लिंबाची झाडं आणि मग आमची घरं. नवी माणसं त्याला कंपनीच्या नावानं ओळखतात. तांड्यातली माणसं मात्र त्याला रविंद्रचा टावर म्हणतात. रविंद्रनं तो विकत घेतला नव्हता आणि त्याच्या जमिनीतही तो उभा नव्हता. तो त्या टावरवर पगारी काम करणारा टेक्निशियन होता, एवढंच. तरी नाव त्याचं पडलं, आणि ते पडायला एक चुकून उचललेला फोन कारण झाला.

रविंद्र आखाडा बाळापूरचा, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतला. त्याचे वडील जळबा टेलिफोनच्या ठेकेदाराकडं रोजानं खड्डे खणायचे. नव्वद सालानंतर आमच्या भागात खांब चालत आल्यासारखे येऊ लागले. आधी सरपंचाच्या ओसरीत फोन आला, मग सोसायटीत, मग फाट्यावरच्या दुकानात. त्यातले कितीतरी खांब जळबांच्या हातचे. त्यांची एक रीत होती. ज्या घरापाशी खांब रोवायचा, त्या घरी आधी पाणी मागायचं आणि मगच कुदळ उचलायची. कोणी भांडं हातात द्यायचं. कोणी उंचावरून ओंजळीत ओतायचं, तांब्याला बोट लागू द्यायचं नाही. जळबा दोन्ही ठिकाणी पाणी प्यायचे आणि दोन्ही ठिकाणी खांब सारखाच सरळ रोवायचे. घरी आल्यावर लेकाला सांगायचे, "तार काय कोनीबी ओढंल रे रविंदर. तिच्या टोकाला मानूस कसा हाय, ते आधी पाहून घ्यावं."

रविंद्रनं हिंगोलीला आयटीआय केलं, काही वर्षं बापासोबत खांबावर काढली, आणि मोबाईलचे टावर उभे राहू लागले तसा एका कंपनीत लागला. खांद्याला अवजारांची पिशवी, खाली जुनी मोटारसायकल. खड्ड्यांची जागा आता टावरांनी घेतली, पण बापाची रीत त्यानं सोडली नाही. टावरवर चढायच्या आधी जवळच्या घरी पाणी.

आमच्याकडं तो पहिल्यांदा आला तो पोळ्यानंतर, दोन हजार पाचच्या सुमाराला. जीप टेकडीखाली थांबली. रविंद्र वर चढला आणि माथ्यावर कसाबसा लागलेल्या फोनवर मोठ्यानं बोलू लागला. "हो सर! इथं रेंज आणायलाच पाहिजे! सगळा तांडा रेंजमध्ये येतो!"

झुडपापलीकडं आमची एक बाई शेळ्या राखत होती. तिनं हे ऐकलं आणि चपला हातात घेऊन तांड्याकडं पळत सुटली. तेव्हा आमच्या तांड्यात 'रेंज' या शब्दाला एकच अर्थ होता, जंगल खात्याची रेंज. जंगलाच्या कडेला राहणारी माणसं आम्ही. रेंज आली म्हणजे साहेब आला. मग सरपण कुठून आणलं ते विचारणार, शेळ्या कुठं चारल्या ते विचारणार, कुऱ्हाड घेऊन जाणार. घडीभरात लाकडाच्या मोळ्या कडब्याखाली गेल्या, कुऱ्हाडी आढ्यावर गेल्या, शेळ्या ओढ्याकडं हाकलल्या. तांड्याचे प्रमुख, नाईक धनसिंग, पागोटं बांधून वाटेत उभे राहिले.

"राम राम साहेब."

"जय भीम नाईक."

"साहेब, सरपन समदं वाळलेलं हाय. पडलं तेवढंच उचललं. वल्लं एक लाकूड न्हाई."

"कसलं सरपन?" रविंद्र गोंधळला.

"अन् शेळ्या तर आमच्या तांड्यात न्हाईतच."

नेमकी तेव्हाच जिवनबाईच्या घरामागून एक शेळी ओरडली. रविंद्रनं तिकडं पाहिलं.

"मग ही कोनाची?"

जिवनबाई पदर सारखा करत पुढं आली. "ही व्हय? ही पाहुनी हाय. सकाळीच आली."

जीपमधला ड्रायव्हर हसून हसून स्टेअरिंगवर पालथा पडला. रविंद्रला सगळं उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यानं हातातला फोन सगळ्यांपुढं धरला. "ही रेंज वेगळी हाय नाईक. हिला सरपन लागत न्हाई. मोकळं आभाळ लागतं." आणि जिवनबाईकडं वळून म्हणाला, "मावशी, पाणी मिळंल का?"

जिवनबाईनं आपल्याच तोंडच्या तांब्यातलं उरलेलं पाणी फेकलं, तोच विसळला, भरला आणि त्याच्या हातात दिला. तो तिथंच उंबऱ्यावर बसून प्याला. हे पाणी आपल्याला कसं लागलं ते रविंद्रनं पुढं एकदा बोलून दाखवलं होतं. आमच्यासाठी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तहानलेला माणूस होता, पाणी दिलं.

जिवनबाईबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा लवकर गेला. एक मुलगा देविदास आणि सून निलम. दसरा झाला की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो, पार भीमेच्या पल्याड. देविदास-निलमही जायची. मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. टावर नव्हता तेव्हा दसऱ्याला गेलेली माणसं होळीला परत दिसायची, मधल्या काळात आहेत का नाहीत ते कळायचं नाही. कोणी आजारी होऊन परतला तर त्याच्या तोंडून चार निरोप यायचे. जिवनबाई रोज दिवेलागणीला पश्चिमेकडं तोंड करून उंबऱ्यावर बसायची. काहून बसती म्हणून विचारलं, तर "पाय दुखून राहिले" म्हणायची.

टावर आला आणि पुढच्या दोनेक वर्षांत घराघरात एक फोन आला आणि फडात जाणाऱ्याच्या खिशात दुसरा. मग तांड्यानं आपली रीत बसवली. फडातलं माणूस संध्याकाळी गाडी खाली करून खोपीवर आलं की घरी एक रिंग द्यायचं. एक रिंग म्हणजे आम्ही खुशाल. घरच्यानं फोन उचलायचा नाही. उचलला की पैसे गेले, हे तर झालंच, पण त्याहून मोठं कारण दुसरं होतं. पहिल्याच वर्षी नाईकांचा भाऊ वारला, तेव्हा फडावरून आलेली रिंग रडत रडत उचलली गेली होती. तेव्हापासून तांड्यात पक्कं झालं, की फोन उचलला म्हणजे घरात काहीतरी वाईट झालं. चांगलं असलं की वाजू द्यायचा.

नाईक म्हणायचे, "यात नवं काय हाय? आपले वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून लदेणी घेऊन जायचे. म्होरचा मानूस खिंडीतून हाक द्यायचा, मागचा तिला हाक द्यायचा. त्या हाकेत शबूद नसायचा. हाक आली, म्हंजी मानूस हाय. बस."

दिवेलागणीला तांड्यात घराघरातून रिंगा वाजायच्या आणि आपोआप थांबायच्या. जिवनबाईचा फोन देवळीत असायचा. एकदा वाजून थांबला की ती उठायची, पदर झटकायची आणि चूल पेटवायची. तोवर तिची चूल पेटत नसे.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात या रिंगा चुकायला लागल्या. आज आली, उद्या नाही. त्या वर्षी निलम पोटुशी होती. नको जाऊ म्हटलं तरी गेली होती, कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो. जिवनबाईचा जीव तिच्यात अडकलेला. रिंग नाही आली की ती उंबऱ्यावरच बसून राहायची, अंधार पडला तरी.

त्याच दिवसांत रविंद्रला नांदेडच्या ऑफिसातून कळलं, की आमचा टावर उतरवायचा विचार चालू आहे. कंपनी सगळ्या टावरांची मांडणी नव्यानं करत होती. जिथं फार बोलणं होतं तिथं ताकद वाढवायची, जिथं बोलणं नाही तिथली यंत्रं काढायची. वारंगा फाट्यावर दिवसभर ट्रकवाले बोलत होते, तिथं जागा पुरत नव्हती. पळसखोरीला तर कोणी बोलतच नव्हतं. होळीनंतर इथलं सामान फाट्यावर न्यायचं, असं ठरत आलं होतं.

हे सांगायला रविंद्र तांड्यात आला. पाणी मागितलं. पाणी देता देताच जिवनबाईनं त्याला धरलं.

"टावरवाल्या, तुहा टावर म्हातारा झाला काय रे? पोराची रिंग येऊन न्हाई राहिली."

"फोन दाखवा बरं." त्यानं फोन उघडला, बॅटरी पुसली, आपल्या फोनवरून रिंग दिली. वाजली. "चांगला हाय की मावशी."

"दुपारी समदेच चांगले असत्यात. सांजच्याला पाय. देविदासनं कोनाजवळ तरी सांगून धाडलं, लावला की आतली बाई बोलती, समद्या लायनी बिझी हायत म्हनून. निम्मा तांडा रिकामा पडलाय. बिझी कोन हाय, शेळ्या?"

रविंद्र हसला नाही. ऑफिस म्हणत होतं इथं कोणी बोलत नाही. जिवनबाई म्हणत होती इथं गर्दी आहे. तो चार घरं फिरला, सगळीकडं तेच ऐकलं. टावर काढणार आहेत ही गोष्ट त्यानं फक्त नाईकांच्या कानावर घातली. नाईकांनी वर टावरकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू आणला हायेस. तूच काय ते पाय."

रविंद्रनं टेकडीवर जाऊन ऐश्वर्या मॅडमना फोन लावला. नांदेडच्या ऑफिसात टावरांची आखणी त्या करायच्या. कुठल्या टावरात काय ठेवायचं आणि काय काढायचं ते त्यांच्या कामावर ठरायचं.

"रविंद्र, तिथलं बोलणं जवळजवळ शून्य आहे. आणि तुम्ही म्हणता गर्दी?"

"दोन्ही खरं हाय मॅडम. कसं खरं हाय, ते मला उमगत न्हाई. तुम्ही एकदा येऊन पाहा. सांजच्या वेळी या."

मॅडम आल्या. रविंद्रनं त्यांना टावरकडं न नेता आधी जिवनबाईच्या अंगणात नेलं आणि बाजेवर बसवलं. पाणी आलं, गूळ आला. जिवनबाई भाकरीचं पीठ मळायला घेऊन अंगणातच बसली. नाईक आले, दोन-चार बाया आल्या. ऊन उतरलं आणि या घरातून, त्या घरातून फोन वाजायला लागले. वाजायचे आणि थांबायचे. कोणी जागचं हलत नव्हतं. मॅडम मान वळवून वळवून बघत होत्या.

तेवढ्यात जिवनबाईचा फोन वाजला.

"मावशी, तुमचा फोन!"

"वाजू दे," जिवनबाई पीठ मळता मळता खुलून हसली. दोन दिवसांनी वाजला होता.

मॅडमना वाटलं, हात पिठाचे आहेत म्हणून म्हातारी अडली आहे. त्या चटकन उठल्या, देवळीतला फोन घेतला आणि कानाला लावला. "हॅलो?"

अंगण थिजलं. एक बाई तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

फोनमधून ओरडणं आलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "कोन बोलून राहिलं? याडीला काय झालं? खरं सांगा, याडी हाय का गेली?" याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. पलीकडं देविदास रडायला लागला होता.

जिवनबाई पिठाच्या हातांनीच धावली. फोन पिठानं भरला. "आरं मी हाय रे! मी बोलून राहिले! जित्ती हाय!"

"मग उचलला काहून?"

"पाहुन्या बाईनं उचलला. टावरवाल्याची मॅडम हाय."

"मह्या हातापायातलं वारं गेलं ना याडी!"

"निलम?"

"हाय की. बराबर हाय. बसली हाय इथंच."

"दे तिला."

निलमनं फोन घेतला असावा, पण बोललं कोणीच नाही. सासूही बोलेना, सूनही बोलेना. पलीकडून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. जिवनबाई फोन कानाशी घट्ट दाबून तेवढंच ऐकत उभी होती. दसऱ्यानंतर पहिल्यांदा ती त्यांच्याजवळ उभी होती. मग देविदासचा आवाज परत आला.

"याडी, ठिव आता."

"आता उचललाच हाय तर दोन शबूद बोल की रे."

"काय बोलू?"

"तेच म्हनते मी," जिवनबाई म्हणाली, आणि दोघंही हसली.

फोन बंद झाला. ऐश्वर्या मॅडमचा चेहरा उतरून गेला होता. "माझं चुकलं मावशी. मला वाटलं..."

नाईक म्हणाले, "मॅडम, तुमी तर देविदासला उभ्या उभ्या मारलाच व्हता." त्यावर अंगणातली माणसं जी हसायला लागली, ती मॅडमना हसवूनच थांबली. मग त्यांनी एकेक गोष्ट विचारली. एक रिंग म्हणजे काय, किती घरांना येते, सगळ्या एकदमच का येतात. नाईकांनी सांगितलं, फडातल्या गाड्या एकाच सुमाराला खाली होतात, अन् आजूबाजूच्या तांड्यांची रीतही हीच. मॅडम ऐकत ऐकत एकदम थांबल्या आणि रविंद्रकडं वळून म्हणाल्या, "दारं!"

मग त्यांनी जिवनबाईलाच समजावून सांगितलं. "मावशी, टावर म्हणजे एक मोठं घर समजा. बोलणाऱ्या माणसाला बसायला आत खोल्या आहेत. पण खोलीत जायच्या आधी दारात थांबून, कोणाला भेटायचंय ते सांगावं लागतं. दारं थोडी, खोल्या पुष्कळ, कारण आमचा हिशेब असा की माणूस दारात क्षणभर थांबणार आणि खोलीत बसून बोलणार. तुमची माणसं मात्र कडी वाजवतात आणि निघून जातात. आम्ही खोल्या बघितल्या, त्या रिकाम्या. म्हणून म्हणालो, या घरात कोणी येतच नाही."

"अन् दारात चेंगराचेंगरी," रविंद्र म्हणाला.

"हो. म्हणून काही रिंगा बाहेरच्या बाहेर परत जातात."

जिवनबाईनं विचार केला. "मग टावर पाडून काय व्हनार? दारं वाढवा की."

टावर पाडणार असल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. नाईकांनी मान खाली घातली. तांड्यात गोष्ट लपत नाही.

मॅडम म्हणाल्या, "सांजच्या वेळेपुरती खोल्यांची दारं करता येतात. बाकीच्या वेळी परत खोल्या. फक्त ऑफिसला पटवावं लागेल. कबूल करत नाही मी. पण प्रयत्न करते."

ऑफिसला पटायला बरेच दिवस गेले. एका रिंगमधून कंपनीला मिळतं काय, हा प्रश्न काही खोटा नव्हता. रविंद्र यायचा, पाणी प्यायचा, "अजून काही कळलं न्हाई" म्हणून जायचा. आणि होळीच्या तोंडावर एका सकाळी टेकडीखाली ट्रक येऊन उभा राहिला.

रविंद्र वर चढलेला दिसत होता. थोड्या वेळानं टावरखालच्या खोलीतून लोखंडी पेटी बाहेर आली आणि ट्रकमध्ये चढली. तांड्यात जो होता तो टेकडीकडं निघाला. जिवनबाई सगळ्यांच्या पुढं. ती फाटकातच बसली.

"रविंदर! खाली उतर! मह्या तांब्यातलं पानी पिऊन तूच पाडायला आलास?"

रविंद्र घाईघाईनं खाली आला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. तो फाटकाच्या आतून, तिच्यासमोर मातीतच बसला.

"याडी, पाडत न्हाई. ऐका तरी." मावशी म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा याडी म्हणाला, ते त्याच्याही ध्यानात आलं नसेल. "आपल्याला लागत न्हाईत तेवढ्या खोल्या फाट्यावर चालल्या. तिथं लोकांना बसायला जागा न्हाई. अन् वर पाहा, नवं काय टांगून राहिलो ते. दुसऱ्या कंपनीला शेजारी म्हणून आणलंय. एकाच टावरवर दोघं राहतील, खर्च वाटून घेतील. मॅडमनं तशी मांडणी बसवली. टावर हितंच राहतो."

"अन् दारं?"

"दारं आजपासून वाढली. सांजच्याला पाहा."

जिवनबाई उठली नाही. "सांजच्यापस्तोर मी हितंच बसते," म्हणाली. आणि खरंच बसली. तिला कोणी उठवलं नाही. रविंद्रची भाकरी तिथंच आणली गेली, ट्रकवाल्यांचीही. दिवेलागणीला कोणीतरी देवळीतला फोन तिच्याजवळ आणून दिला. खाली तांड्यात रिंगा सुरू झाल्या. एकात एक मिसळणाऱ्या रिंगा, कितीतरी दिवसांनी तेवढ्या. मग जिवनबाईच्या हातातला फोन वाजला.

एकदा वाजून तो थांबायला हवा होता. थांबला नाही. वाजतच राहिला. जिवनबाईनं रविंद्रकडं पाहिलं. "बिघडला का काय?"

"न्हाई याडी. पलीकडून कोणी ठेवत न्हाई."

"उचलू?"

उचलणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण हे असं सारखं वाजणं कोणालाच ठाऊक नव्हतं. रिंग संपली. लगेच पुन्हा आली आणि पुन्हा वाजत राहिली. तेव्हा जिवनबाईच्या चेहऱ्यावरचा ताण सुटत गेला.

"वाईट असतं तर त्यानं आधी नाईकाला कळवलं असतं, मला न्हाई," ती म्हणाली. "ह्यो नुसता वाजवून राहिला. नाचून राहिला त्यो. निलम मोकळी झाली!"

तिनं फोन उचलला नाही. डोक्यावरच्या पदरात गुंडाळून छातीशी धरला आणि त्यातून रिंग वाजत असताना टेकडी उतरली. नातीचं नाव पुजा ठेवलं, ते होळीला सगळी परत आल्यावर. त्या वर्षीच्या होळीत रविंद्र आणि त्याचे वडील जळबा, दोघांनाही तांड्यानं बोलावलं. जळबांनी आल्या आल्या पाणी मागितलं. जिवनबाईनं तोच तांब्या दिला. म्हातारा तो हातात धरून थोडा वेळ बसला, मग प्याला.

पुढं एका ऊसतोडीच्या हंगामात रविंद्रची बदली सेनगाव भागात, साखऱ्याकडं झाली. जाताना त्यानं फार काही सांगितलं नाही, तांड्यानंही नाही. आमच्याकडं निरोपाला शब्द कमीच असतात. पण तो गेला त्याच संध्याकाळी जिवनबाईचा फोन एकदा वाजून थांबला. थोड्या वेळानं आणखी एकदा वाजून थांबला.

"पहिली देविदासची," ती म्हणाली. "दुसरी रविंदरची." आणि मग चूल पेटवायला उठली.